कुंपणावरचं युरोप

"आली वं माय! मले वाटलं, तिकडेच प्लॉट घेतला का काय तुमी."

काकूंनी वालकंपाउंडवर दोन्ही कोपरं टेकवली. म्हणजे आता नळ जाईस्तोवर सुटका नाही. वर्ध्याच्या आमच्या गल्लीत नळ दिवसाआड येतो, बातम्या मात्र दोन्ही वेळ येतात. उजवीकडे काकू, डावीकडे वहिनी आणि मधे मी. त्यामुळे इकडून तिकडे जाणारा प्रत्येक शब्द माझ्या अंगणाच्या जकात नाक्यावरून जातो. वहिनी-भाऊजी अख्खा वसंत डेन्मार्क, स्वीडन, नॉर्वे असा मित्रमैत्रिणींकडे काढून परवाच विदर्भ एक्स्प्रेसनं उतरले होते.

"ऐन लग्नसराईत पळाली," काकूंनी पहिलं कलम लावलं. "पंचेचाळीस डिग्रीत आमी पंगती वाढल्या अन् ह्या बाई तिकडे स्वेटर घालून!"

"एक स्वेटर नाही काकू, दोन. अन् वरून जॅकेट," वहिनी म्हणाल्या. "कोपनहेगनला उतरलो तं दहा डिग्री. मैत्रीण म्हणते, काय छान ऊन पडलं, चल बाहेर बसून कॉफी पिऊ! हे कानटोपी शोधून राहिले होते अन् तिकडचे लोक अर्ध्या बाह्यांत. सूर्याकडे तोंड करून, डोळे मिटून बसतात नुसते. सहा महिने पाह्यलेला नसतो ना त्याला."

"घेऊन जा म्हणा इथला. लागन तेवढा."

मैत्रीण मूळची हिंगणघाटची, वहिनींच्या कॉलेजातली. आता स्वीडनमध्ये माल्मोला असते. पण विमान उतरतं डेन्मार्कमध्ये. मधे समुद्र. विमानतळावरून आगगाडी निघते ती आधी समुद्राखालच्या चार किलोमीटरच्या बोगद्यात शिरते, मग माणसांनी भर घालून केलेल्या एका बेटावर वर येते आणि तिथून जवळपास आठ किलोमीटरच्या पुलावरून स्वीडनला पोचते. 2000 साली हे सगळं सुरू झालं. मी विचारलं, सरळ पूलच का नाही बांधला? वहिनींनी मैत्रिणीच्या नवऱ्याकडून सगळं नीट ऐकून घेतलं होतं. विमानतळ किनाऱ्यालाच लागून, पुलाचे उंच मनोरे विमानांच्या वाटेत आले असते, म्हणून तेवढा तुकडा पाण्याखालून नेला.

"अन् पासपोर्ट कोठी दाखवाचा? पाण्याखाली?"

"व्हिसा एकच काकू, शेंगेनचा. तिन्ही देशांत चालते. पैसे मात्र तिघांचे वेगवेगळे, एकाचे दुसऱ्याकडे चालत नाहीत. यांनी मुंबईहून नोटा नेल्या होत्या मोठ्या हौसेनं. स्टॉकहोममध्ये कॉफीच्या दुकानात पाटीच लावलेली, रोख घेत नाही. नोटा गेल्या तशा परत आल्या."

"आपल्या पानठेल्यावरबी आता फोनच दाखोते," काकू म्हणाल्या. नोटा परत आल्याचं त्यांना मनापासून बरं वाटलेलं दिसलं. "नेलं काय होतं त्यायच्यासाठी?"

नेला होता गोरस पाक. वर्ध्याहून दुसरं काय नेणार? तूप, पेढे, खवा असलं दुधाचं काही बाहेरून युरोपात आणू देत नाहीत, बिस्किटाला मात्र मनाई नाही. तेव्हा गाईचं तूप डब्यातून जाऊ शकलं नाही, ते गोरस पाकाच्या पोटात बसून गेलं. हिंगणघाटच्या मैत्रिणीनं पहिला तुकडा तोंडात टाकला आणि स्वयंपाकघरात उभ्या उभ्या डोळे पुसले म्हणे. नंतर डबा वरच्या फळीवर, पोरांचा हात पोचणार नाही असा ठेवला.

"मंग? पाह्यलं काय काय?"

आता वहिनी खुलल्या. कोपनहेगनची जलपरी पाहायला भल्या सकाळी गेले. हान्स अँडरसनच्या गोष्टीतली जलपरी, 1913 पासून बंदरात दगडावर बसली आहे. जगभरातून लोक येतात. बस थांबली, सगळे धावले, वहिनीही धावल्या, आणि इकडे तिकडे बघत राहिल्या.

"काऊन? नव्हती का जागेवर?"

"होती ना. पण एवढीशी! सव्वा मीटर. मला वाटलं, चांगली दोन मजली असेल."

"बाई, आमच्या शेतातलं बुजगावणं त्याहून उंच हाये. तिकीट किती?"

"तिकीट नाही, फुकट आहे. पण बिचारीचं डोकं दोनदा कापून नेलं लोकांनी, 1964 ला अन् 1998 ला. मधे एकदा हात."

"म्हणजे पोट्टे सगळीकडे सारखेच," काकूंनी निकाल दिला.

खरा धक्का त्यांना पुढच्या गोष्टीनं बसला. कोपनहेगनमध्ये वहिनी एका कॉफीच्या दुकानात शिरत होत्या, तर दाराबाहेर फुटपाथवर बाबागाड्या ओळीनं लावलेल्या, आणि गाड्यांत बाळं! गाढ झोपलेली, गालाला वारा लागतोय, आणि आया काचेच्या आत बसून केक खाताहेत. वहिनी घाबरून एका गाडीजवळ उभ्याच राहिल्या, कुणी उचलून नेईल म्हणून. मैत्रिणीनं आत ओढलं. गार हवेत मूल शांत झोपतं, तब्येतीला चांगलं, असं तिकडे सगळ्याच घरांत मानतात.

"आमच्या आत्यासासूनं पाह्यलं असतं तं त्या आयायले तिथंच बाजेवर बसवून शेक देल्ला असता," काकू म्हणाल्या. "बरं, मैत्रिणीनं केलं काय काय तुमच्यासाठी? पाटोड्या? पुरण?"

वहिनी जरा थांबल्या. बादली भरली होती, ती बाजूला केली, दुसरी लावली. मग माझ्याकडे पाहून हळूच म्हणाल्या, "ताई, तुम्हाला म्हणून सांगते." हे वाक्य आमच्या गल्लीत घंटेचं काम करतं. काकूंचा कान भिंतीच्या या बाजूला आला.

पोचल्या त्या रात्री मैत्रिणीनं गरम पिठलं-भात केला. ठेचाही होता. जेवणं झाली. वर्ध्याचा माणूस जेवला की काय करतो? ताटातच हात धुतो आणि उठतो. भाऊजी उठले, सोफ्याकडे निघाले. तेवढ्यात मैत्रिणीचा नवरा, तो पुण्याचा, कंपनीत चांगला साहेब, त्यानं आपलं ताट उचललं, खरकटं एका डब्यात काढलं, ताट सिंकमध्ये ठेवलं, आणि भाऊजींना म्हणाला, "मी विसळतो, तुम्ही मशीनमध्ये लावता का?" त्यांची दहा वर्षांची पोरगी टेबल पुसत होती. भाऊजींना कळेना, थट्टा आहे की काय. मग वाकले.

"वाकले?" काकू.

"वाकले. अन् लावली भांडी. पातेल्यावर वाट्या ठेवल्या तं पोरगी म्हणाली, काका असं नाही, पाणी खालून येतं. सगळी काढून पुन्हा लावली."

काकूंनी पदर तोंडाला लावला. भाऊजींनी आजवर पाण्याचा पेला स्वतः भरलेला आम्ही कुणी पाहिलेला नाही. "अन् तू काय करत होती?"

"मी? मला उठायचं होतं, पण मैत्रिणीनं हात धरून ठेवला. म्हणे, बस, आज आपण बोलू. काकू, आपण तिच्याकडे पाहुणे होतो, अन् ती माझ्याशी बोलली! इथं कुणाकडे गेलो तं घरातली बाई कुठी असते? ओट्याजवळ. निघताना फाटकापाशी जेवढं बोलणं होईल तेवढंच."

यावर आम्ही तिघीही क्षणभर गप्प. खरंच आहे. माझ्या सख्ख्या नणंदेशी माझं सगळं बोलणं फाटकापाशीच झालेलं आहे.

माल्मोहून गाडीनं स्टॉकहोम. तिथे भाऊजींचा आर्वीचा मित्र. चौदा बेटांवर वसलेलं शहर, एप्रिलच्या अखेरीस राजाच्या बागेत चेरीची झाडं गुलाबी झालेली, खाली फोटो काढणाऱ्यांची जत्रा. 30 एप्रिलच्या रात्री तिकडे होळी पेटवतात, हिवाळा गेला म्हणून, आणि शेकोटीभोवती वसंताची गाणी म्हणतात. रात्री साडेआठलाही उजेड. होळी दिसेना नीट म्हणून वहिनी सूर्य कधी बुडतो त्याची वाट पाहत राहिल्या.

"पिऊन तं नाही आला ना तुझा नवरा तिकडून?"

"नाही हो! तिकडे साधी बिअर सोडली तं घरी न्यायची दारू बहुतेक सरकारी दुकानातच मिळते. शनिवारी दुपारी शटर खाली, रविवारी बंदच."

"आपल्या जिल्ह्यात 1974 पासून बंदी हाये," काकू म्हणाल्या, "अन् मिळते मात्र रविवारीबी."

आर्वीच्या मित्राला दुसरं बाळ झालेलं. बायको नोकरीवर रुजू झालेली आणि हा घरी. आजारी नाही, नोकरीही गेलेली नाही, बाळंतपणाची रजा. मला ऐकून माहीत होतं, तेव्हा मीही तोंड घातलं. स्वीडनमध्ये एका मुलामागे आईबाप मिळून 480 दिवसांची रजा असते. त्यातले 90 दिवस बापाचेच; त्यानं नाही घेतले तर आईला मिळत नाहीत, बुडतात. आईची रजा आईबाप दोघांची करणारा पहिला देश तोच, 1974 साली.

काकूंनी साल बरोबर पकडलं. "1974? म्हणजे त्याच साली त्यायनं बापाले रजा देल्ली, अन् आपण बाटलीले देल्ली. त्यायचा बाप अजून रजेवर हाये. आपली बाटली केव्हाचीच कामावर रुजू झाली!"

नळाची धार बारीक झाली होती. काकूंनी घरातून पिंप मागवलं आणि पुन्हा कोपरं टेकवली. "फिरले का नाही कोठी, का पोट्टंच सांभाळलं?"

फिरले तर. वासा नावाचं जहाज पाहिलं. राजानं मोठ्या थाटात बांधून घेतलेलं, चौसष्ट तोफा, नखशिखान्त कोरीवकाम. 10 ऑगस्ट 1628 ला बंदरातून निघालं. किनाऱ्यावर सगळं शहर जमलेलं. वाऱ्याचा झोत आला, जहाज कललं, तोफांच्या झरोक्यांतून पाणी आत शिरलं आणि सव्वा किलोमीटर जाता जाता बुडालं. वरचा भार जास्त, खालचा कमी. 1961 साली वर काढलं. तीनशे तेहतीस वर्षं पाण्यात राहूनही लाकूड शाबूत, कारण तिथल्या समुद्राला मीठ कमी, लाकूड खाणारा किडा त्यात जगत नाही.

"म्हणजे उद्घाटनालेच बुडालं?"

"हो ना. चौकशी झाली. बांधणाऱ्याला विचारलं, कप्तानाला विचारलं, तोफावाल्याला विचारलं. शेवटी कुणालाच शिक्षा नाही."

"घ्या! हे मात्र अगदी आपल्यासारखं." काकूंना पहिल्यांदाच स्वीडन जवळचं वाटलं.

आणखी जवळचं वाटलं ते धुण्याच्या खोलीमुळे. स्टॉकहोमच्या जुन्या इमारतींत कपडे धुवायची मशीनं तळघरात, सगळ्यांची मिळून. दाराशी नंबर लावायचा, आपल्या वेळेला जायचं, वेळ संपली की निघायचं. आधीच्या माणसानं जाळीतला कापूस काढला नाही, की पुढचा माणूस चिठ्ठी लावतो. समोर बोलायचं नाही, फक्त चिठ्ठी. आर्वीच्या वहिनींनी अशा चिठ्ठ्या जपून ठेवल्या आहेत. एकीत सगळा मजकूर सभ्य, शेवटी तीन उद्गारचिन्हं.

"चिठ्ठी?" काकूंना कीव आली. "भांडाचं बी समोरासमोर नाही? मंग राग जाते कसा त्यायचा?"

तिथल्याच मोठ्या पोरानं वहिनींना निघताना एक भेट दिली, ती त्यांनी कमरेच्या पिशवीतून काढून दाखवली. लोणी लावायची लाकडी सुरी. हातभर नव्हे, वीतभर. पात्याची एक कड जरा जाड राहिलेली, मुठीपाशी कानशीचे ओरखडे, पण तेल चोळून चोळून गुळगुळीत केलेली. पोरानं शाळेत केली. स्वीडनच्या शाळांत लाकूडकाम आणि शिवणकाम हा विषय सक्तीचा आहे, मुलगे-मुली दोघांना, परीक्षेतल्या इतर विषयांइतकाच मानाचा. मुलगा स्वतःच्या पँटचं बटण स्वतः लावतो, आणि त्याची बहीण करवत चालवते.

काकूंनी सुरी हातात घेतली, उलटीपालटी केली, अंगठ्यानं कड तपासली. "हे तं आपलंच हाये वं. माह्या सासूच्या शाळेत तकली होती. पोट्टे-पोट्टी सगळे सूत काढे."

मी निवृत्त झाले तरी इतिहासाची बाई. मला राहवलं नाही. 22 आणि 23 ऑक्टोबर 1937 ला याच वर्ध्यात शिक्षण परिषद भरली, गांधीजी, म्हणजे आपले बापू, अध्यक्ष. हातांना काम देऊन शिकवायचं, असं तिथे ठरलं. मग झाकीर हुसेन यांच्या समितीनं आराखडा केला. देशभर लोक त्याला वर्धा योजना म्हणायचे. गावाचं नाव योजनेला मिळालं आणि योजना गावातून गेली. स्वीडननं हस्तकला शाळेत घातली ती त्याच्याही पुष्कळ आधी, एकोणिसाव्या शतकात, आणि अजून काढली नाही.

"मास्तरीणबाई, वर्ग घेऊ नका," काकूंनी मला थांबवलं. "पुढं कुठं गेले, ते सांगू द्या तिले."

पुढे ओस्लो. तिथे पुलगावचं कुटुंब. 17 मे हा नॉर्वेचा मोठा दिवस, 1814 साली त्या दिवशी त्यांची राज्यघटना झाली. मिरवणूक निघते, रणगाडे नाहीत, सगळी शाळेची पोरं, बँड वाजवत राजवाड्यापुढून जातात. बायका भरतकामाच्या लोकरी पोशाखात, छातीवर चांदीच्या टिकल्या. पुलगावच्या वहिनी पैठणी नेसून गेल्या होत्या, तर दोन नॉर्वेजियन आज्या त्यांच्या पदराचा मोर बोटानं चाचपून पाहत राहिल्या. विगेलांडच्या बागेत दोनशेवर पुतळे, बहुतेक उघडे, म्हातारे, पोरं, आया. वहिनींनी ते फोटो काकूंना दाखवायचे की नाही, यावर जरा विचार केला आणि फोन माझ्याकडे दिला.

ओस्लोच्या सिटी हॉलशेजारी नोबेलच्या शांतता पारितोषिकाचं संग्रहालय आहे, 2005 मध्ये उघडलेलं. भाऊजी तिथे बापूंचा फोटो शोधत बसले. त्यांना वाटलं, मिळालंच असेल. "मिळालं नाही?" वहिनींनी मलाच विचारलं.

नाही मिळालं. आणि ही गोष्ट तर आमच्या दारची. 30 एप्रिल 1936 ला बापू सेगावला, म्हणजे आताच्या सेवाग्रामला आले, तेव्हा तिथे धड रस्ता नव्हता. पुढच्याच वर्षी कोलब्योर्नसेन नावाच्या नॉर्वेच्या खासदारानं त्यांचं नाव सुचवलं. 1938 ला पुन्हा, 1939 ला पुन्हा. म्हणजे नाव ओस्लोला फिरत होतं आणि माणूस आपल्यापासून आठ किलोमीटरवर शेणानं सारवलेल्या कुटीत बसून सूत कातत होता. 1947 आणि 1948 लाही नाव होतं. 1948 ला तर समितीनं पारितोषिक कुणालाच दिलं नाही; योग्य असा हयात माणूस नाही, म्हणून.

"मिळालं असतं तं काय केलं असतं बापूनं?" काकू म्हणाल्या. "फंडात टाकून मोकळे झाले असते. आश्रमातल्या परचुरे शास्त्र्याले कुष्ठरोग झाला होता, कोणी जवळ घेत नव्हतं, बापू स्वतः त्याच्या जखमा धूत. अजून हाये ना परचुरे कुटी. आश्रमात कोणी येवो, बॅरिस्टर असो का जमीनदार, झाडू हातात. तू केव्हा गेली होती शेवटची सेवाग्रामले?"

वहिनींनी आठवून पाहिलं. "मागं पाहुणे आले होते तेव्हा."

"सगळे तसेच. पाहुणे आले का बापू आठोते." काकूंनी लाकडी सुरी परत केली. "आमच्या दारात सांगितलं तं आमाले नाही पटलं. विमानानं जाऊन पाह्यलं, तवा तुह्या नवऱ्यानं वाटी धुतली. तिकीट केवढ्याले पडलं म्हणते? त्या पैशात सेवाग्रामची बस जन्मभर पुरली असती."

"पण काकू, इथं येऊन पण केलं त्यांनी. काल रात्री ताट उचललं स्वतःचं."

"मंग?"

"मंग मामीजींनी पाह्यलं. म्हणाल्या, हे काय, घरात बाया मेल्या का? ठेवलं खाली."

"तुह्या सासूले माह्याकडे पाठव," काकू म्हणाल्या. "माल्मोले नाही नेता येत तिले, माह्या ओसरीत आण. मी सांगतो. अन् तुह्या नवऱ्यालेबी सांग, तिथं सगळे करे म्हणून लाज नाही वाटली, इथं एकटा करन तवा खरं."

डिसेंबरात तिन्ही मित्रकुटुंबं वर्ध्याला येणार आहेत. काकूंनी लगेच कार्यक्रम आखला. सेलूकडच्या त्यांच्या शेतात हुरडा. पवनारला धाम नदी. गांधीचौक. आणि स्वयंपाकाला कुणी बाई लावायची नाही. पुण्याचा जावई भांडी विसळेल, आर्वीचा पोरगा चटण्या वाटेल, सुरी करणाऱ्या पोट्ट्याला मगन संग्रहालयात चरखा दाखवून आणायचं, आणि भाऊजी...

तेवढ्यात माझ्या घरातून आवाज आला. "अहो, चहा झाला का?"

मी सवयीनं वळले. पण काकूंनी हात करून मला जागेवर थांबवलं आणि माझ्या अंगणावरून, माझ्या खिडकीतून, माझ्या नवऱ्याला हाक मारली: "भाऊ, पातेलं ओट्यावर हाये, साखर डब्यात हाये, गॅसचं बटण फिरवा!"

आत शांतता. मग डबे सरकवल्याचे आवाज. मग काहीतरी जोरात खाली पडलं.

वहिनी दचकल्या. मी निघालेच होते.

"राहू दे वं," काकू म्हणाल्या. "पातेलंच पडलं, जहाज नाही बुडालं. होते पहिल्या दिवशी."